गर्दनतोड ताप

विद्यार्थी मित्रांनो, 'गर्दनतोड बुखार' हे नाव तुम्ही घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून कधी तरी ऐकले असेल. या आजारात मान लाकडासारखी ताठ होते, म्हणून त्याला हे नाव पडले. युनानी हकीम त्याला 'सरसाम' म्हणत. सर म्हणजे डोके आणि साम म्हणजे सूज. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्ने सिना या थोर हकिमांनी 'अल् कानून' या आपल्या ग्रंथात सरसामचे वर्णन केले होते. आजचे डॉक्टर या आजाराला मेनिंजायटिस म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत त्याला 'मेंदूज्वर' किंवा 'मेंदूच्या आवरणाचा दाह' असे म्हटलेले आढळते. नावे अनेक असली तरी आजार एकच आहे. तो कसा होतो, कसा ओळखावा आणि त्यातून माणूस बरा कसा होतो, हे या पाठात आपण पाहू.

आपला मेंदू फार नाजूक आहे. त्याच्या रक्षणासाठी बाहेरून कवटीचे कठीण हाड असते. हाडाच्या आत मेंदूभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या जाड आवरणाला 'ड्यूरा मेटर' आणि सर्वांत आतल्या नाजूक आवरणाला 'पिया मेटर' म्हणतात. 'मेटर' म्हणजे आई. ही नावे अरबी वैद्यक ग्रंथांतून लॅटिन भाषेत गेली. अरबी हकीम या आवरणांना मेंदूची 'उम्म', म्हणजे आई, म्हणत असत. आई बाळाला पदराखाली घेते, तशीच ही आवरणे मेंदूला सांभाळतात. आवरणांच्या मधल्या जागेत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. मोठ्या माणसात तो सुमारे १५० मिलिलीटर असतो. हीच आवरणे आणि हाच द्रव पुढे पाठीच्या कण्यातूनही खाली जातो. रोगजंतू या द्रवात शिरले की आवरणे सुजतात. ही सूज म्हणजेच मेनिंजायटिस.

आता मान का ताठते, ते तुमच्या लक्षात येईल. मान पुढे वाकवली की पाठीच्या कण्यातील सुजलेली आवरणे ताणली जातात. त्यामुळे असह्य वेदना होतात. ही वेदना टाळण्यासाठी मानेचे स्नायू आपोआप घट्ट होतात. रोग्याला हनुवटी छातीला लावता येत नाही.

हा आजार निरनिराळ्या जंतूंमुळे होतो. विषाणूंमुळे होणारा प्रकार बहुधा सौम्य असतो आणि रोगी आठ-दहा दिवसांत बरा होतो. जिवाणूंमुळे होणारा प्रकार मात्र फार घातक असतो. त्यात रोग्याची प्रकृती काही तासांतच गंभीर होऊ शकते. तिसरा प्रकार क्षयाच्या जंतूंमुळे होतो. आपल्या देशात क्षयरोग अजूनही मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणून हा प्रकारही आपण ओळखला पाहिजे. तो हळूहळू वाढतो. बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, भूक न लागणे, वजन घटणे असे एक-दोन आठवडे चालते. मग उलट्या आणि गुंगी सुरू होते. कोणता प्रकार झाला आहे, हे घरी बसून सांगता येत नाही. ते फक्त रुग्णालयातील तपासणीनेच कळते.

हे जंतू मेंदूपर्यंत पोहोचतात तरी कसे? साथ पसरवणारा जिवाणू माणसाच्या नाकात व घशात राहतो. साधारणपणे दर दहा माणसांपैकी एकाच्या घशात तो असू शकतो आणि त्या माणसाला काहीही त्रास होत नाही. खोकताना, शिंकताना व जवळून बोलताना तोंडातून बारीक तुषार उडतात. त्यांच्यातून हा जंतू दुसऱ्याच्या घशात जातो. एकमेकांच्या उष्ट्या पेल्यातून किंवा चमच्यातूनही लाळ दुसऱ्याच्या तोंडात जाते. दाटीवाटीची घरे, वसतिगृहे, छावण्या आणि यात्रा अशा ठिकाणी तो लवकर पसरतो. बहुतेकांच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्याला घशातच अडवते. परंतु कधी कधी तो घशाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरतो आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. कानातील जुना पू किंवा डोक्याला झालेली मोठी इजा हाही जंतूंना आत शिरण्याचा एक मार्ग आहे. म्हणून कान वाहत असेल तर दुर्लक्ष करू नये.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. डासांमुळे पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वरात सूज प्रत्यक्ष मेंदूला येते. तो आजार वेगळा आहे. जिवाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस डास चावल्याने होत नाही. तो कोणाच्या नजरेने किंवा सावलीनेही होत नाही.

समजा, तुमच्या धाकट्या भावाला संध्याकाळी ताप आला. अम्मीने त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. रात्री त्याचे डोके फार दुखू लागले आणि त्याला उलट्या झाल्या. दिव्याचा उजेड त्याला सहन होईना. सकाळी तो हाक मारली तरी नीट ओळख देईना. अशा वेळी तुम्ही काय कराल? साधा ताप समजून वाट पाहाल का? तीव्र ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, उजेडाचा त्रास, ताठ मान, गुंगी किंवा झटके ही या आजाराची लक्षणे आहेत. ही सर्व लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही. कधी कधी अंगावर लाल-जांभळे ठिपके उमटतात. काचेचा पेला अशा ठिपक्यांवर दाबून पाहा. पेल्यातून पाहताना ठिपके नाहीसे झाले नाहीत, तर ती धोक्याची खूण आहे. मात्र ठिपके उमटण्याची वाट पाहत बसू नका.

तान्ह्या बाळाला डोके दुखते असे सांगता येत नाही. त्याची मानही नेहमी ताठतेच असे नाही. पण बाळ दूध पिईनासे होते, सारखे किरकिरते, उचलून घेतले की जास्तच रडते किंवा अगदी मलूल पडते. त्याची टाळू वर फुगलेली दिसते. त्याचे अंग कधी तापते, तर कधी गारही पडते. अशा बाळाला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

या आजारात वेळ फार मोलाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, जिवाणूंमुळे हा आजार झालेल्या दर ६ रुग्णांपैकी सुमारे १ दगावतो. दर ५ रुग्णांपैकी सुमारे १ जणाला मागे गंभीर त्रास राहतो. उपचाराला जितका उशीर, तितका धोका अधिक. आपल्याकडे आजारी माणसासाठी दुआ मागतात, ते योग्यच आहे. आजाऱ्याला धीर मिळतो आणि घरच्यांनाही बळ येते. परंतु दुआ रुग्णालयाच्या वाटेवरही मागता येते. दम केलेले पाणी पाजण्यात किंवा तावीज आणण्यात दिवस घालवला, तर गेलेला वेळ परत मिळत नाही. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केला, तर रुग्णवाहिका विनामूल्य येते.

रुग्णालयात डॉक्टर रोग्याला तपासतात आणि रक्त घेतात. मग कमरेजवळ दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई घालून तेथील द्रवाचे काही थेंब काढतात. निरोगी माणसाचा द्रव पाण्यासारखा नितळ असतो. जिवाणूंची लागण झाली असेल, तर तो बहुधा गढूळ दिसतो. या तपासणीला लोक फार घाबरतात. 'पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो,' असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली घातली जाते. तपासणीनंतर एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते, इतकेच. रोगी नंतर अधू झाला, तर त्याचे कारण बहुधा आजार असतो, सुई नव्हे. या भीतीपोटी तपासणीला नकार दिला, तर नेमके औषध ठरवणे कठीण होते.

जिवाणूंची शंका येताच डॉक्टर शिरेतून प्रतिजैविके देऊ लागतात. सर्व अहवाल येईपर्यंत ते थांबत नाहीत. ही औषधे साधारणपणे एक ते दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ द्यावी लागतात. सूज कमी व्हावी व कान वाचावेत म्हणून काही रुग्णांना आणखी एक औषध दिले जाते. क्षयाच्या प्रकारात मात्र उपचार बहुधा वर्षभर चालतो. ती औषधे सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडली, तर आजार उलटतो आणि पुढे तीच औषधे लागू पडत नाहीत.

ताप उतरला आणि रोगी घरी आला, म्हणजे सर्व संपले असे नाही. काही दिवस थकवा, डोकेदुखी आणि विसराळूपणा राहू शकतो. काहींना झटके येतात, काहींच्या हातापायांतील शक्ती कमी होते. सर्वांत अधिक फटका कानांना बसतो. म्हणून रोगी घरी येण्यापूर्वी किंवा त्यानंतर महिन्याभरात त्याच्या कानांची तपासणी झाली पाहिजे. लहान मुलाला ऐकू आले नाही, तर ते बोलायलाही शिकत नाही. ही गोष्ट लवकर लक्षात आली, तर श्रवणयंत्राने व योग्य शिक्षणाने पुष्कळ फरक पडतो. तुमच्या वर्गातील एखादा मुलगा अशा आजारातून उठून परत आला आणि अभ्यासात मागे पडू लागला, तर त्याला आळशी म्हणून हसू नका. कदाचित त्याला गुरुजींचे शब्द ऐकू येत नसतील. त्याला पुढच्या बाकावर जागा द्या आणि राहिलेले धडे लिहून घ्यायला मदत करा. त्याच्याजवळ बसल्याने तुम्हांला आजार होणार नाही. योग्य औषध सुरू झाल्यावर सुमारे २४ तासांनी साथीच्या प्रकारातील रोग्यापासून संसर्ग होत नाही.

साथीचा प्रकार असेल, तर रोग्याच्या घरातील निकटच्या माणसांना डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. ते आजारी दिसत नसले तरी त्यांनी ते घेतले पाहिजे. आजाऱ्याला भेटायला जाणे, इयादत करणे, ही आपली चांगली रीत आहे. परंतु अशा वेळी खाटेभोवती गर्दी करण्यापेक्षा घरच्यांना डबा पोहोचवणे ही अधिक चांगली इयादत होय.

रोग होऊच नये म्हणून लसी आहेत. बाळाला जन्मतःच देण्यात येणारी बीसीजी लस क्षयाच्या मेनिंजायटिसपासून लहान मुलांचे रक्षण करते. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या लसी इतर दोन घातक जिवाणूंना अडवतात. या सर्व लसी सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

तुमच्या मोहल्ल्यातून कोणी हजला गेले असेल, तर त्यांनी निघण्यापूर्वी एक लस घेतल्याचे तुम्हांला आठवेल. ती याच आजाराची लस असते. १९८७ च्या हजच्या वेळी मक्केत या आजाराची साथ आली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती इतर देशांत पोहोचली. त्यानंतर सौदी अरेबियाने यात्रेकरूंसाठी ही लस सक्तीची केली. २००० साली त्याच जिवाणूच्या दुसऱ्या जातीने पुन्हा साथ पसरवली. तेव्हापासून चार जातींपासून रक्षण करणाऱ्या लसीचा आग्रह धरण्यात आला. ही लस तेथे पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढे दिवस लागतात. लस हाजींचे रक्षण करते, तसेच त्यांची वाट पाहणाऱ्या घरातील मुलांचेही रक्षण करते.

आफ्रिकेत सेनेगालपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात या आजाराच्या मोठ्या साथी येत. कोरड्या ऋतूत तेथे धुळीचे वारे वाहतात. त्यांनी घसा कोरडा पडतो आणि जंतूंना वाट मिळते. १९९६ च्या सुमारास तेथे सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार मृत्युमुखी पडले. या गरीब देशांना परवडेल अशी लस हवी होती. ती आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. तिच्या एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहूनही कमी होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात ती मोठ्या प्रमाणावर देण्यास प्रारंभ झाला. पुढे कोट्यवधी लोकांना ती मिळाली आणि ज्या 'अ' जातीच्या जिवाणूसाठी ती बनवली होती, त्याच्या साथी तेथे थांबल्या. २०२४ साली नायजेरियात पाच जातींवरची नवी लस देण्यात आली. तीही पुण्याचीच.

मुलांनो, रुग्णालयातील फलक, औषधाच्या सूचना आणि लसीकरणाची पत्रके पुष्कळदा मराठीत असतात. तुमच्या घरातील दादीजान किंवा नानाजान यांना कदाचित ती वाचता येत नसतील. तुम्हांला मात्र वाचता येतात. आज घरी गेल्यावर या आजाराची लक्षणे त्यांना आपल्या उर्दूत समजावून सांगा. घरात तान्हे बाळ असेल, तर त्याचे लसीकरणाचे कार्ड मागून घ्या आणि कोणती लस राहिली आहे, ते वाचून अम्मीला सांगा.