जुना संगणक, दोन भाषा आणि एक निवड : विंडोज की लिनक्स?

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदकडचे कोणतेही सुशिक्षित घर घ्या. कोपऱ्यातल्या टेबलावर आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असतो. त्यात मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, वडिलांनी डाऊनलोड केलेले पहाणीचे उतारे असतात, लग्नाचे फोटो असतात आणि आजोबांनी हौसेने टाईप करून घेतलेली घराण्याची वंशावळही असते. संगणक अजून ठणठणीत चालतो. तरीही दुकानदार म्हणतो, ‘‘सर, आता हा जुना झाला, नवा घ्या.’’

त्याच्या म्हणण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला असलेला पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांपैकी जे नोंदणी करतील त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. पाठिंबा थांबला म्हणजे संगणक बंद पडत नाही. पण सुरक्षेतली नवी भगदाडे बुजवली जात नाहीत. विंडोज ११ वर जावे म्हटले तर ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. इंटेलचा विचार केला तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद! मग चालती वस्तू भंगारात घालायची का? इथे लिनक्सचा विचार सुरू होतो.

लिनक्स आपल्या खिशातच आहे

लिनक्स म्हटले की अनेकांना ते इंजिनियरांचे काम वाटते. पण ज्यांच्या हातात अँड्रॉइड फोन आहे ते सगळे लिनक्सच वापरतात, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हा गाभा लिहिला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली होती. सॉफ्टवेअर कसे चालते ते पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, ही त्यामागची भूमिका. या दोन्हींच्या मिलाफातून आजचे लिनक्स उभे राहिले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो.

लिनक्सची एकच कंपनी नाही. एकाच पिठाच्या भाकरी, थालीपीठ आणि धपाटे व्हावेत तसे त्याचे अनेक प्रकार आहेत. उबुंटू २००४ साली आले, लिनक्स मिंट २००६ साली. आपल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाचा भारतीय भाषांचा प्रकारही तयार केला. विंडोजची सवय असलेल्या घराला मिंट सर्वांत सोपे जाते. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, तीच खिडक्यांची रचना. त्याला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर बरे.

फुकट आणि चोरीचे

दोन हजार सालानंतरचे दिवस आठवा. बिदर-गुलबर्ग्याकडची मंडळी सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणत आणि संगणक जोडून घेत. त्यात विंडोज ‘टाकून’ मिळे. त्याचे पैसे कोणी विचारत नसे, कारण ती प्रत बहुधा चोरीची असे. त्यामुळे आपल्या पिढीला विंडोज फुकटच असते असे वाटत राहिले. प्रत्यक्षात ते विकतचे आहे. लॅपटॉपच्या किमतीत त्याचे पैसे धरलेले असतात आणि वेगळे घ्यायला गेले तर काही हजार रुपये मोजावे लागतात. चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच.

लिनक्स मात्र उघडपणे फुकट आहे. उबुंटूवाले तर २०११ पर्यंत मागणी नोंदवली की पोस्टाने सीडी घरपोच पाठवत, तीही बिनपैशाची. मुलांना ‘दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये’ असे शिकवणाऱ्या घरात ही गोष्ट लहान नाही.

एका घरात दोन लिप्या

आता आपल्या खास प्रश्नाकडे वळू. आपल्या घरांत आजीशी मराठी, शाळेत कन्नड आणि अर्जात इंग्रजी असा कारभार चालतो. तेव्हा संगणक दोन्ही लिप्या कशा सांभाळतो हे आपल्याला पुण्या-बेंगळुरूच्या माणसापेक्षा जास्त महत्त्वाचे.

पूर्वी मराठीसाठी श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम आणि कन्नडसाठी नुडी किंवा बरह असा दुहेरी संसार होता. नुडी कन्नड गणक परिषदेने बनवले आणि कर्नाटक सरकारने स्वीकारले. १९९८ साली आलेल्या बरहमध्ये कन्नडबरोबर मराठीही लिहिता येई. हे सगळे विंडोजसाठी होते. म्हणून ‘भाषा हवी तर विंडोज हवे’ हे समीकरण डोक्यात पक्के बसले.

युनिकोडने ते मोडले. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींना स्वतःच्या कायमच्या जागा आहेत, मग संगणक कोणताही असो. विंडोजमधला निर्मला हा फॉन्ट दोन्ही लिप्या दाखवतो. लिनक्समध्ये रेड हॅट कंपनीने खुले केलेले लोहित फॉन्ट दोन्हींसाठी आहेत. इथे दोघे बरोबरीत.

टंकलेखनातही दोघांत इन्स्क्रिप्ट मांडणी आहे. तिची गंमत अशी की ती सर्व भारतीय लिप्यांना सामाईक आहे. इंग्रजी ‘के’ ची कळ दाबली की मराठीत क आणि भाषा बदलली की कन्नड क. ‘एच’ वर प, ‘जे’ वर र. आपल्या दोन्ही भाषांचा लाडका ळ तर शिफ्ट धरून ‘एन’ वर दोन्हीकडे तसाच. कन्नडमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ साठी तेवढ्या वेगळ्या कळा शिकाव्या लागतात. एकदा बोटे बसली की दोन भाषा एका कष्टात येतात.

इंग्रजी अक्षरांवरून लिहिणाऱ्यांसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी आणि कन्नड दोन्हींची उच्चारानुसारी सोय आली. ती चांगली आहे. पण लिनक्सची एक सोय आपल्या भागात फारशी कोणाला ठाऊक नाही. कचेरीत वर्षानुवर्षे नुडीवर बसलेल्यांची बोटे ‘कगप’ मांडणीला सरावलेली असतात. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. लिनक्सच्या कळफलकांच्या यादीत ही मांडणी कन्नडसाठी तर आहेच, शिवाय मराठीसाठीही आहे! कन्नड कारकुनीत आयुष्य गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मराठीत आठवणी लिहायच्या असतील तर बोटांना नवे वळण लावावे लागत नाही. विंडोजबरोबर ही मांडणी आयती येत नाही.

मात्र एक सावधगिरी. आजोबांची ती वंशावळ जुन्या फॉन्टमध्ये असेल तर लिनक्सवर ती उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसतील. नव्या विंडोजवरही फॉन्ट नसेल तर तेच होईल. जुन्या संगणकातल्या फॉन्टच्या फायली आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. त्या नव्या जागी बसवल्या की मजकूर बहुधा वाचता येतो. मग तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि एक छापील प्रत काढून ठेवा. संगणक भंगारात गेला की ते फॉन्टही गेले आणि अक्षरेही.

लिनक्स कुठे अडते?

गुण सांगितले, आता दोषही सांगायला हवेत. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोजच ठेवा. टॅली हे विंडोजसाठीच बनते. दोन भाषांतल्या लग्नपत्रिका कोरल ड्रॉवर करणाऱ्या छापखान्यांचेही तेच. लिनक्सवर इंकस्केप आणि गिंप आहेत, पण लग्नसराईत नवे साधन शिकायला कोणाला सवड असते? डिजिटल सहीचे टोकन आणि काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर हटून बसतात. मुलांचे बरेच खेळही चालत नाहीत.

वर्ड-एक्सेलची कामे २०१० साली सुरू झालेल्या लिबरऑफिसमध्ये होतात. त्याचे मेन्यू मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतात. पण वर्डमध्ये केलेल्या फाइलची मांडणी तिथे कधी कधी सरकते. मुलगा लातूर-उदगीरकडे एमएस-सीआयटी करत असेल तर त्याला विंडोज आणि वर्ड यांचीच सवय हवी. आणि शेवटचा मोठा दोष म्हणजे बिघाड झाला तर लिनक्स जाणणारा मेकॅनिक गावात सापडत नाही.

व्हायरसच्या बाबतीत लिनक्सचे पारडे जड आहे. सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर येणारे व्हायरस विंडोजसाठी लिहिलेले असतात. लिनक्सवर ते निपचित पडतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने विंडोजवर जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा शेजारच्या आंध्र प्रदेशातल्या पोलिसांचे काही संगणकही सापडले होते. पण फोनवर गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्या भामट्यापुढे दोन्ही सारखीच. तिथे आपले शहाणपणच कामी येते.

दोन अनुभव

केरळने सरकारी शाळांतले संगणक शिक्षण लिनक्सवर नेले आणि ते टिकवले, कारण शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पाठ्यपुस्तकेही तशीच केली. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. दोन्हींतून एकच बोध निघतो. प्रणालीपेक्षा ती वापरणाऱ्याची तयारी आणि मदतीचा हात जास्त महत्त्वाचा.

मग घरी काय करावे?

संगणक विंडोज ११ ला पात्र असेल आणि पोटापाण्याचे काम त्यावर असेल तर विंडोजच बरे. पात्र नसेल आणि काम इंटरनेट, पत्रे, फोटो, मुलांचा अभ्यास एवढेच असेल तर लिनक्स जरूर पाहा. सरकारी संकेतस्थळे, बँक आणि व्हिडिओ हे सगळे फायरफॉक्समध्ये चालते.

आधी घरातले फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून घ्या. मग पेनड्राइव्हवर मिंट तयार करून संगणक त्यावरून सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता ते चालून पाहता येते. थोडे संथ वाटेल तेवढेच. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर तपासा. मराठी आणि कन्नड दोन्हीत चार-चार ओळी लिहून पाहा. आठवडाभर घरातल्या सर्वांना, विशेषतः आजी-आजोबांना, वापरू द्या. जमले तर बसवा, नाही जमले तर पेनड्राइव्ह काढा. विंडोज होते तिथेच आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर संगणक आणखी तरतरीत होतो.

घरात तंत्रनिकेतनात किंवा इंजिनियरिंगला शिकणारे कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे किंवा तिच्याकडे सोपवा. त्यांना शिकायला मिळेल, जुना संगणक आणखी काही वर्षे चालेल आणि वाचलेल्या पैशांत धाकट्याची वर्षाची पुस्तके येतील.