हातोड्याला जाळी लागते

जव्हार-मोखाड्याच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. तेव्हापासून या डोंगरांतल्या आश्रमशाळांतली पोरं म्हटलं की लोकांना धावणंच आठवतं. धावायला पाड्याची वाट पुरते. हातोडाफेकीला ती पुरत नाही.

हातोडा म्हणजे लोखंडी गोळा, पोलादी तार आणि टोकाला मूठ. पुरुषांचा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा. २.१३५ मीटर व्यासाच्या सिमेंटच्या वर्तुळात खेळाडू मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, गोळा डोक्याभोवती फिरवून घेतो आणि मग स्वतःच तीन-चार गिरक्या मारत पुढे सरकतो. डावं पाऊल टाचेवर वळतं, चवड्यावर येतं. उजवं उचलून पुन्हा टेकतं. हात दोरीसारखे ताणलेले हवेत. दंडाने ओढलं की वेग मेलाच! अव्वल फेकीत गोळा ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने सुटतो आणि त्याआधी खेळाडूला तीनशे किलोहून जास्त ओढ सोसावी लागते. युरी सेदिखची १९८६ मधली ८६.७४ मीटरची फेक अजून कुणाला ओलांडता आलेली नाही.

आपल्याकडे हा भीमाचा खेळ वाटतो, आणि त्याला कारणही आहे. दूरदर्शनच्या ‘महाभारत’मधले भीम प्रवीणकुमार सोबती यांनी १९६६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचंच रौप्य मिळवलं होतं. पण २००४ चा ऑलिंपिक विजेता कोजी मुरोफुशी या खेळात हलकाच म्हणायचा, शंभर किलोच्या आतबाहेरचा. वडील पाच वेळा आशियाई विजेते. गिरकी घरातच शिकायला मिळाली. माझ्या मते देहापेक्षा हे मोलाचं.

गिरकी शिकणं ही पहिली गरज, तर दुसरी वर्तुळाभोवतीच्या जाळीची. चुकीच्या क्षणी सुटलेला गोळा कुठेही जातो. केरळात पाला इथे ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्य ज्युनिअर स्पर्धेत हातोडा डोक्यात बसून एक शाळकरी स्वयंसेवक दगावला. भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी चालू होती.

आश्रमशाळेत वर्तुळ गावचा गवंडीही ओतून देईल. गिरक्या तर हातोड्याविना, काठी किंवा मेडिसिन बॉल धरूनच शिकवतात. शाळेची सपाट ओसरी त्याला चालते. महिनोन्‌महिने तेवढंच करावं लागतं. गोळा हातात द्यायचा तो मात्र जाळी उभी राहिल्यावरच.