पीक तयार झाल्याची पारख आणि जुन्या कागदांचा काळनिर्णय

जुन्या दप्तरांत पिकांचे उल्लेख पदोपदीं येतात. जोंधळा पोटरींत आहे, हुरड्यास आला, काढणी लागली, अशा आशयाचा मजकूर वाचून आपण संशोधक बहुधा घाईनें पुढें जातों. कारण आपलें लक्ष लढाईकडे, वतनाकडे किंवा शिक्क्याकडे असतें. आमच्या मतें हे शब्द मोलाचे आहेत. तारीख फाटून गेलेल्या कागदाचा काळ ठरविण्यास त्यांचा उपयोग होतो; मात्र पीक तयार झालें हें शेतकरी कशावरून ओळखतो तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

संस्कृत व्याकरणानें याची दखल फार पूर्वीं घेतली आहे. साठ रात्रींत पिकणारें भात तें ‘षष्टिक’ (आपला ‘साठी’ शब्द याच कुळांतला), व शरदांत पिकणारा शालि तो ‘शारद’, अशीं रूपें पाणिनीच्या सूत्रांनीं साधतात. पण दिवसांची मोजणी हें ढोबळ माप होय. पाऊस लांबला, जमीन हलकी असली किंवा थंडी कमी पडली, कीं तें चुकतें. शेतकरी दिवस मोजून ठेवतो खरा, परंतु निर्णय दाण्यावरून करतो.

सोलापूर, बार्शी, मंगळवेढें या बाजूचा रब्बी जोंधळा, म्हणजे शाळू, उदाहरणादाखल घेऊं. कणीस पानाच्या वेष्टनांत असून ताटाचा शेंडा फुगतो, ती पोटरी. कणीस बाहेर पडतें, तें निसवणें. मग फुलोरा, पुढें दाणा दाबला असतां पांढरा चीक निघतो, ती चिकाची अवस्था. चीक घट्ट होऊन दाणा मऊ व गोड लागतो, तो हुरडा. आणि यापुढें खरी पारख सुरू होते.

नवख्याची नजर पानांकडे जाते. तेथेंच तो फसतो. कारण जोंधळ्याचा दाणा पुरा भरला तरी पानें व ताट कित्येकदां हिरवीं राहतात. जाणता शेतकरी कणसाच्या बुडाचे दाणे पाहतो. कणसाला फुलोरा शेंड्याकडून येऊं लागतो व चारसहा दिवसांत खालीं उतरतो; म्हणून बुडाचा दाणा सर्वांमागून पिकतो. तो काढून उलटा करावा. जेथें तो कणसाला चिकटलेला असतो तेथें काळा ठिपका दिसला, कीं झाडाकडून दाण्यांत येणारा रस बंद झाला असें समजावें. यानंतर दाण्याचें सत्त्व वाढत नाहीं, फक्त पाणी उतरतें. त्या वेळीं दाण्याच्या वजनाचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा पाणीच असतें, म्हणून लगेच मळणी करीत नाहींत. आणखी कांहीं दिवसांनीं दाणा दाताखालीं धरून पाहतात: चेपला तर कच्चा, कट्कन फुटला तर काढणीस योग्य.

घाई केली तर दाणा सुरकुततो, पोचट राहतो आणि ढीग तापून त्यास बुरशी धरते. उशीर केला तर पांखरें खातात, आणि कडबा अति वाळून त्याची पानें गळतात. माणसाचें धान्य आणि बैलाची वैरण हीं दोन्ही एकाच ताटावर असल्यामुळें हा निर्णय अवघड होतो. नुसत्या धान्याचा हिशेब करणाऱ्या ग्रंथकारांस ही अडचण दिसत नाहीं.

इतर धान्यांच्या खुणा निराळ्या. कोंकणांत भाताची लोंबी वांकून बहुतेक दाणे पिवळे झाले, बुडाचे थोडेच हिरवट उरले, कीं कापणी करतात. फार थांबल्यास दाणा झडतो आणि कांडतांना कणी अधिक होते. नाचणीचीं कणसें एकदम पिकत नाहींत, म्हणून तीं कित्येक ठिकाणीं दोन खेपांनीं खुडतात. गव्हाला पुन्हा दाताचीच परीक्षा.

ही पारख शेतकऱ्याची. पण कापणीची परवानगी सर्वत्र त्याच्या हातीं नव्हती. ‘आईन-इ-अकबरी’मध्यें उभ्या पिकाचा अंदाज करण्याच्या ‘कनकूत’ पद्धतीचें आणि धान्य वांटून घेण्याच्या बटाईचें वर्णन आहे. अशा पद्धतींत पाहणी करणारा येईपर्यंत तयार पीक उभें ठेवावें लागे. काळा ठिपका कोणासाठीं थांबत नाहीं! तेव्हां ‘पीक तयार झालें’ आणि ‘पीक काढलें’ या दोहोंमध्यें कागद वाचतांना भेद केला पाहिजे.

आतां काळनिर्णयाकडे वळूं. सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रांत गेला म्हणजे बदलतो, म्हणूनच त्यास मृगसाल म्हणतात. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६०० मिळविले असतां इसवी सन येतो. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे सुहूर ११६१, हा १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचा. १४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा संग्राम याच्या उत्तरार्धांत पडतो. आतां एखाद्या कागदावर एवढेंच साल शिल्लक असून महिना गेला आहे आणि आंत शाळूच्या काढणीचा उल्लेख आहे असें समजा. शाळू साधारणतः माघ-फाल्गुनांत निघतो. म्हणून ६०० मिळवावे, साल १७६१. काढणी खरीप जोंधळ्याची असेल तर ती आश्विन-कार्तिकांतली. ५९९ मिळवावे, साल १७६०. एका पिकाच्या नांवावर इसवी सन बदलतो तो असा.

शाळूचा हुरडा मात्र येथें निर्णायक नाहीं. तो पौषाच्या आसपास येतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर. तेव्हां दुसरा पुरावा हवा. तसेंच अवर्षणाच्या वर्षीं पीक करपून लौकर पिकतें, हेंही ध्यानांत ठेवावें. आणि नक्कल करणाऱ्यांस विनंति, कीं मूळांत ‘निसवला’ असेल तेथें सुबोधतेसाठीं ‘पिकला’ असें लिहूं नये. शाळूच्या बाबतींत या दोन शब्दांत सुमारें दीड-दोन महिन्यांचें अंतर आहे.