उसना आवाज, स्वतःचे पाय

'सिंगिंग इन द रेन' हा एमजीएम स्टुडिओचा चित्रपट १९५२ साली प्रदर्शित झाला. हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांशी ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात याच चित्रपटापासून करावी. संगीतपट म्हणून तो उत्तम आहेच. शिवाय हा प्रकार कोणत्या परिस्थितीत जन्माला आला, ती गोष्टही तोच सांगतो. मूकपट बोलू लागले तेव्हा स्टुडिओंमध्ये उडालेली धांदल हा त्याचा विषय. कथेचा काळ १९२७ चा, म्हणजे 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला त्या वर्षाचा.

हा काळ निवडण्यामागे व्यवहार होता. निर्माता आर्थर फ्रीड मुळात गीतकार. संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन याच्या जोडीने त्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्रपटांसाठी भरपूर गाणी लिहिली होती. त्या जुन्या गाण्यांवर एक चित्रपट करायचा, एवढेच ठरले होते. कथेचा पत्ता नव्हता. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेल्या बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाच्या ध्यानात आले, की ही गाणी ज्या काळातली आहेत त्याच काळात ती शोभतील. शीर्षकगीतही जुनेच, ते आधी 'द हॉलिवूड रिव्ह्यू ऑफ १९२९' या बोलपटात येऊन गेले होते. आधी गाणी आणि मग कथा अशी उलटी रीत सहसा पचत नाही. इथे मात्र गाण्यांनीच लेखकांना नेमका विषय मिळवून दिला.

तो विषय म्हणजे आवाज आणि चित्र यांचा मेळ. पहिल्याच प्रसंगात मूकपटांचा नायक डॉन लॉकवुड (जीन केली) जमलेल्या गर्दीला आपल्या खानदानी जडणघडणीची हकीकत ऐकवतो. त्याच वेळी पडद्यावर दिसतो तो फुटकळ थिएटरांतून नाचत, पडत-झडत वर आलेला पोरगा. कानावर पडते एक आणि डोळ्यांना दिसते दुसरेच. त्याची नायिका लीना लॅमोंट (जीन हेगन) तर बराच वेळ तोंडच उघडत नाही. उघडते तेव्हा तिचा चिरका आवाज ऐकून बोलपटात तिचे काही खरे नाही, हे तत्काळ कळते.

पुढचे ध्वनिमुद्रणाचे प्रसंग विनोदी असले तरी त्यांच्या मुळाशी इतिहास आहे. सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये शिरू नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडत. माइक जागचा हलत नसे, त्यामुळे नटांनाही हलता येत नसे. चित्रपटात माइक आधी झुडपात लपवतात, तर लीनाची मान वळली की आवाज गायब. मग तो तिच्या पोशाखात शिवतात, तर तिच्या हृदयाची धडधड ऐकू येते. खासगी खेळाच्या वेळी आवाजाची तबकडी मागे-पुढे होते आणि खलनायकाचे बोल लीनाच्या ओठांवर, तिचे त्याच्या ओठांवर जाऊन बसतात. प्रेक्षागृहात हशा पिकतो.

या कोंडीतून वाट काढण्यात एमजीएमचाच मोठा वाटा होता. 'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९) मधील एक नृत्य पुन्हा चित्रित करायची वेळ आली तेव्हा ध्वनिविभागाचा प्रमुख डग्लस शियरर याने सुचवले, की गाणे चांगले मुद्रित झाले आहे, तेच वाजवा आणि नुसते चित्र नव्याने घ्या. गाणे आधी, चित्रण नंतर, ही पद्धत रुळली आणि कॅमेरा खोक्यातून सुटला. नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीने तो छताजवळ नेला आणि नर्तिकांच्या रांगांतून वरून दिसणाऱ्या आकृती रचल्या. फ्रेड अस्टेअरचा आग्रह नेमका विरुद्ध होता: नर्तक डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि मध्ये काटछाट कमीत कमी हवी. केली आणि सहदिग्दर्शक स्टॅन्ली डोनन यांनी अस्टेअरची शिस्त पाळली, पण कॅमेऱ्यालाही नाचात सामील करून घेतले.

पावसातले नृत्य त्यासाठी नीट पाहावे. डॉन आपली प्रेयसी कॅथी हिला तिच्या दाराशी सोडतो, थांबलेली गाडी परत पाठवतो आणि चालू लागतो. गाणे अजून सुरू झालेले नसते. तो नुसता गुणगुणतो. चालण्याला ताल येतो, छत्री मिटते, मग शब्द येतात. संवादातून गाण्यात शिरण्याची ही जागा प्रत्येक संगीतपटाची परीक्षा असते; इतकी अलगद पार पडलेली क्वचितच सापडेल. पुढे दिव्याचा खांब, पन्हळीतून कोसळणारी धार, पदपथाची कड आणि शेवटी डबकी: रस्त्यावरची प्रत्येक वस्तू नाचाला कामी येते. तो उघडी छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध गिरकी घेतो तेव्हा कॅमेरा क्रेनवरून उंच जातो आणि सारा रस्ता त्याचा होतो. सगळे संपते ते एका पोलिसाच्या नुसत्या नजरेने. पाण्यात दूध मिसळले होते ही दंतकथा खरी नाही. थेंब दिसावेत म्हणून प्रकाश मागून टाकला होता. स्टुडिओच्या आवारातल्या त्या रस्त्यावर भरदिवसा ताडपत्री टाकून रात्र केली होती, आणि केलीच्या अंगात १०३ अंश ताप होता.

डॉनचा मित्र झालेल्या डॉनल्ड ओ'कॉनरचे विदूषकी नृत्य हा याच कारागिरीचा दुसरा नमुना. तो भिंतीवर धावत चढून उलटी कोलांटी घेतो, तीही दोनदा. तिसरी भिंत त्याला आरपार जाऊ देते. त्या गाण्याची चाल मात्र कोल पोर्टरच्या 'द पायरेट' (१९४८) मधील एका गाण्याशी फारच मिळतीजुळती आहे आणि हा डाग पुसता येत नाही. कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स तेव्हा अवघी १९ वर्षांची होती. ती मूळची जिम्नॅस्ट, नृत्याची तालीम जवळजवळ शून्य. तरी 'गुड मॉर्निंग' या गाण्यात दोन कसलेल्या नर्तकांच्या मधे ती कुठे कमी पडत नाही.

कथेत कॅथी लीनाला आपला आवाज देते, आणि अखेरीस पडदा ओढला जाऊन खरी गायिका लोकांसमोर येते. प्रत्यक्षात 'वुड यू?' हे गाणे रेनॉल्ड्सने गायलेले नाही. तो आवाज बेटी नॉइसचा. कॅथी लीनाचे संवाद बोलून देते त्या प्रसंगातला सुरेल आवाज तर हेगनचा स्वतःचाच आहे. म्हणजे जिचा आवाज चिरका म्हणून बदलायचा, तिनेच बदली आवाज दिला. श्रेयनामावलीत नॉइसचे नाव नाही. ही हॉलिवूडची रीतच होती: 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) या चित्रपटांतल्या नायिकांसाठी गाणाऱ्या मार्नी निक्सनचे नावही पडद्यावर आले नाही. आपल्याकडे पार्श्वगायन १९३५ च्या 'धूप छाँव'पासून सुरू झाले आणि सुरुवातीला इथेही गायक झाकलेलेच राहिले. 'महल'मधील (१९४९) लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर 'कामिनी' हे पात्राचे नाव होते. पुढे आपल्याकडे पार्श्वगायकच तारे झाले. हॉलिवूडने मात्र आवाज लपवणेच पसंत केले.

आवाज असा उसना घेता येतो, नाच घेता येत नाही. पायांचे टॅप नंतर मुद्रित करून जोडले जात, पण लांब शॉटमध्ये पूर्ण दिसणारे शरीर ज्याचे त्याचेच असते. या चित्रपटाचा खरेपणा तिथे आहे. म्हणूनच उत्तरार्धातले जवळपास १३ मिनिटांचे 'ब्रॉडवे' नृत्यनाट्य कथेला अडवते ही तक्रार रास्त असूनही ते वगळावेसे वाटत नाही. हिरव्या पोशाखातली सिड शरीस त्यात एक शब्दही बोलत नाही. तिचा लांबलचक पाय आधी पडद्यात शिरतो, पायावर केलीची हॅट असते, आणि ते पात्र तिथेच उभे राहते.

चित्रपटाला ऑस्करची नामांकने दोनच मिळाली, हेगनला सहअभिनेत्रीचे आणि लेनी हेटनला संगीताचे. पुरस्कार एकही नाही. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये संगीतपटांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले. मूळ निगेटिव्ह १९७८ मध्ये जॉर्ज ईस्टमन हाउसच्या आगीत जळाली. आज पाहायला मिळतात त्या प्रती जतन केलेल्या इतर प्रतींवरून तयार झालेल्या आहेत.