मॉरिशस बेटाचा सहकुटुंब कार्यक्रम

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें परवां पत्र आलें. येत्या ऑक्टोबरांत तो वृद्ध माता, पत्नी, धाकटा बंधु व पांच मुलें अशा परिवारासह सहा दिवसांकरितां मॉरिशसला जाणार आहे. पत्रासोबत त्यानें आंखलेला कार्यक्रम होता व ‘मास्तर, तपासून धाडावा’ अशी विनंति होती. एकंदर एकवीस स्थळें त्यांत कोंबलीं होतीं. शाळा सोडून मला बरींच वर्षें झालीं, परंतु तांबड्या पेन्सिलीची संवय अद्याप सुटलेली नाहीं.

मात्र ही पेन्सिल प्रथम माझ्याच कार्यक्रमावर फिरावयास हवी होती. गेल्या वैशाखांत मुलाच्या कुटुंबाबरोबर मी तें बेट पाहून आलों. जाण्यापूर्वीं नकाशावर दोरा ठेवून मीं सर्व अंतरें मोजलीं. बेट लांबीला अवघें ६५ किलोमीटर व रुंदीला ४५. तेव्हां सकाळीं समुद्रस्नान व भोजनोत्तर गंगातलाव, असा पहिला दिवस मींच ठरविला. किनाऱ्यावर लख्ख ऊन होतें. तलावापाशीं पोंचतों तों दाट धुकें, बोचरा वारा आणि झोडपणारा पाऊस! गरम कपडा एकापाशींहि नव्हता. पांच वर्षांच्या नातीला त्या रात्रीं ताप भरला व पुढचे दोन दिवस सूनबाईनें तिच्या उशाशीं बसून काढले. सूनबाई मला एका शब्दानेंहि बोलली नाहीं. सौभाग्यवती मात्र म्हणाली, “अहो, दोऱ्यानें उंची कशी मोजणार?”

हें उंचीचें प्रकरण समजण्यास बेटाची जन्मकथा ठाऊक पाहिजे, आणि ती आपल्याला परकी नाहीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भारतभूमि भूगर्भांतील एका तप्त स्थानावरून सरकत असतां तेथून जो लाव्हा उसळला, त्याचे थरावर थर सांचून आपलें दख्खनचें पठार बनलें, असें भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. भारतभूमि उत्तरेस निघून गेली. तें तप्त स्थान राहिलें, आणि त्यानेंच फार मागाहून, ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांपूर्वीं, मॉरिशस समुद्राबाहेर काढलें. सह्याद्रीचा काळा फत्तर व तेथला फत्तर हे अशा रीतीनें भाऊबंदच होत. मॉरिशसचे ज्वालामुखी आतां निद्रिस्त आहेत. शेजारच्या रियुनियन बेटावरचा मात्र अजून जागा आहे.

लाव्ह्यानें बेटाच्या मध्यभागीं उंच पठार उभारलें. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावरून चढतात, पठारावर पाऊस टाकतात आणि पश्चिमेस कोरडे होऊन उतरतात. म्हणून क्युरपीप गांवीं छत्री उघडावी लागते त्याच घटकेस पश्चिम किनाऱ्यावर लोक उन्हांत पहुडलेले असतात. आमच्या मोटारचालकानें आपल्या भोजपुरी वळणाच्या हिंदींत याचें सूत्र सांगितलें: सकाळीं वर, दुपारीं खालीं. तेथलें घड्याळ आपल्याहून दीड तास मागें असतें. घरीं साडेपांचला उठणारी वडील मंडळी व मुलें तेथें पहांटे चारलाच टक्क जागीं होतात. या जागरणाचा लाभ घेऊन लौकर निघावें, ढग जमण्यापूर्वीं वरचीं स्थळें उरकावीं व दुपारीं किनाऱ्यास यावें.

वरच्या स्थळांत क्युरपीपचें ‘त्रू ओ सेर्फ’ हें विवर वृद्धांस सोयीचें, कारण त्याच्या कांठापर्यंत मोटार जाते. आंत झाडीनें भरलेला प्रचंड कटोरा दिसतो व भोंवतीं डोंगर. शामारेलची रंगीत माती सर्वांस आवडते. काळ्या खडकांतले विरघळणारे अंश पावसानें युगानुयुगें वाहून नेले, लोह व ॲल्युमिनियम मागें राहिलें, त्याची ही तांबडी-जांभळी शोभा. कोंकणांतला जांभा ज्यानें पाहिला आहे त्याला तिचें गोत्र सांगावें लागणार नाहीं. गंगातलाव हेंहि विवरांतलेंच सरोवर. १९७२ साली गंगाजल आणून त्यांत मिसळलें, तेव्हांपासून त्याचें हें नांव रूढ झालें. महाशिवरात्रीस बेटभरचे भाविक तेथें पायीं येतात.

ल मोर्न पर्वताची (५५६ मीटर) चढण तरुणांनीं वाटाड्या घेऊन करावी. शेवटचा टप्पा हातापायांनीं चढावयाचा आहे. आजीबाईंना ‘थोडेंच राहिलें’ म्हणून वर ओढूं नये. गुलामगिरींतून पळालेले लोक या कड्यांच्या आश्रयानें राहत, एवढें खालच्या किनाऱ्यावर बसून मुलांना सांगितलें तरी पर्वत पाहिल्यासारखा होतो. इल ओझेग्रेत या लहान बेटावर मुलांना अवश्य न्यावें. गुलाबी कबुतरें, मोठालीं कांसवें आणि मूळचें रान तेथें जपलें आहे. डोडो पक्षी सतराव्या शतकांतच नामशेष झाला, हें मुलें पुस्तकांत वाचतात. परंतु मॉरिशसचा ससाणा १९७४ साली रानांत अवघे चार उरले असतां माणसांनीं तो पुन्हां वाढविला, हें त्यांना कोणी सांगत नाहीं.

समुद्राविषयीं एकच ताकीद. प्रवाळाच्या बांधाआडचें पाणी शांत असतें, पण दक्षिणेस ग्री-ग्री येथें तो बांध तुटलेला आहे व लाटा थेट कड्यावर आदळतात. तेथें पहावें, उतरूं नये. इतरत्रहि पाण्यांत जातांना रबरी बूट घालावे. तळाशीं कांटेरी जीव असतात. शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाहीं. ‘धोल पुरी’ म्हणजे आंत डाळीचें पुरण घातलेली मऊ पोळी रस्त्यावर मिळते. फक्त गूळ विसरल्यासारखी वाटते.

आतां विद्यार्थ्यानें जें शेवटच्या दिवशीं ‘वेळ उरल्यास’ म्हणून लिहिलें होतें, तें मीं पहिल्या दिवसावर नेलें आहे. तें म्हणजे पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ जहाजानें करारबद्ध भारतीय मजूर येथें उतरले आणि पुढें सुमारें साडेचार लक्ष लोक उंसाच्या मळ्यांसाठीं आणले गेले. कांहीं मुंबई बंदरांतून गेलेले आपल्या कोंकणचे होते. त्यांचे वंशज आज घरीं बहुधा क्रिओल बोलतात, पण स्वतःस मराठी म्हणवितात, आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. आमचा थोरला नातू त्या मोठ्यानें मोजीत चढला, मग वळून म्हणाला, “आजोबा, परत जाण्याच्या पायऱ्या कोणत्या?” कित्येक परतले, पुष्कळ परतले नाहींत, एवढेंच मला सांगतां आलें. नंतर बराच वेळ त्यानें छायाचित्र काढलें नाहीं.

एकवीस स्थळांपैकीं नऊ ठेवून कार्यक्रम मीं कालच टपालांत टाकला. मातोश्रींच्या नांवापुढें ‘शाल, हातांत’ असें लिहिलें आहे. चौथा दिवस कोरा आहे. कारण विचारलें तर नातीच्या तापाची हकीकत कळवीन. ती मला अजून ‘पावसाचे आजोबा’ म्हणते.