नर्मदेवरील नौकानयन आणि ‘यंत्रचालित’ हे विशेषण

नंदुरबार जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सरदार सरोवराकाठच्या काही गावांना पाणी हाच रस्ता होय. या रस्त्याचा कायदा एका विशेषणावर उभा आहे. २०१६ च्या अधिनियमाने नर्मदा व तापी यांचा राष्ट्रीय जलमार्गांत समावेश झाला. परंतु संविधानाच्या संघ सूचीतील २४ वी नोंद अशा मार्गांवरील ‘यंत्रचालित’ जलयानांपुरतीच आहे. वल्ह्यांची होडी मुख्यत्वे राज्य सूचीतील १३ व्या नोंदीखाली येते. १९१७ च्या कायद्याची दृष्टीही यंत्रावरच होती. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने मात्र यंत्रविरहित जलयानांसाठीही तरतूद केली. हे योग्यच झाले. कारण होडी उलटल्यास ती कोणत्या सूचीतील, हा भेद उतारूस तारीत नाही.