लांबलचक अर्जाची पाने कशी पाडावीत?

१९४७१९५०१९६० हा आकडा एकदा वाचा आणि डोळे मिटून म्हणून पाहा. जमत नाही ना? आता त्याचे १९४७, १९५०, १९६० असे तुकडे पाडा. स्वातंत्र्य, प्रजासत्ताक आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना! आकडा चटकन पाठ झाला. पण १९, ४७१, ९५०१, ९६० असे तुकडे पाडले असते तर? मनुष्य एका दमात सुमारे सातच तुकडे ध्यानात धरू शकतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले. तुकडे अर्थपूर्ण असतील, तर तेवढ्यातच पुष्कळ माहिती मावते.

संगणकावरील लांब अर्जाचेही तसेच आहे. २०२५ साली महाराष्ट्रातील अकरावीच्या प्रवेश-अर्जाचे दोन भाग होते. पहिल्यात विद्यार्थ्याची माहिती, दुसऱ्यात महाविद्यालयांचे पसंतीक्रम. पहिल्यासाठी कागदपत्रे हाताशी हवीत, दुसऱ्यासाठी घरच्यांशी विचारविनिमय. सांधा नेमका तेथेच आहे.

प्रत्येक पान संपताच संगणकाला उत्तरे तपासून जपून ठेवता येतात. चूक तेथल्या तेथे कळते आणि मध्येच वीज गेली तरी सारे श्रम वाया जात नाहीत. शिवाय ‘वसतिगृह हवे का?’ हा प्रश्न आधीच विचारला, तर ‘नाही’ म्हणणाऱ्याला वसतिगृहाचे पान दाखवावेच लागत नाही.

करून पाहा : शाळेच्या सहलीसाठी वीस प्रश्न लिहा. प्रत्येकापुढे उत्तर कोण देईल ते मांडा. तुम्ही, पालक की डॉक्टर? पाने आपोआप पडतील.